यशाचा हिशेब कोण ठेवणार?

घरातील वडीलधारे माणूस न्हाणीघरात पाय घसरून पडावे, खुब्याचे हाड मोडावे आणि त्या दिवशी धरलेली खाट त्याने अखेरपर्यंत सोडू नये, हा अनुभव आपल्याकडे एके काळी घरोघरीचा होता. संधिवाताने खुबा झिजलेल्या माणसाची कहाणीही फारशी निराळी नसे. देवळाच्या पायऱ्या, शाळेचा जिना, एस.टी.ची पायरी अशा एकेक गोष्टी त्याच्या आयुष्यातून वजा होत जात आणि शेवटी उरे ती घरातली खुर्ची. खुब्याचा कृत्रिम सांधा बसविण्याच्या शस्त्रक्रियेने हे चित्र पालटले. वर्षानुवर्षे वेदनेने तळमळणारा माणूस शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत आधार घेऊन उभा राहतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये या शस्त्रक्रियेचा गौरव विसाव्या शतकाची शस्त्रक्रिया म्हणून केला, तो अनाठायी म्हणता येणार नाही.

परंतु ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे नेमके कोणत्या दिवशी म्हणावयाचे? टाके काढले त्या दिवशी, रुग्ण चालत घरी गेला त्या दिवशी, की दहा-पंधरा वर्षांनी तो सांधा तितकाच निर्वेध चालताना आढळला त्या दिवशी? अपेंडिक्स काढून टाकले म्हणजे तो विषय संपतो. खुब्याच्या सांध्याचे तसे नाही. येथे शल्यचिकित्सक शरीरातून काही काढून थांबत नाही, तर परकी वस्तू आत ठेवून निरोप घेतो. ती वस्तू पुढे वर्षानुवर्षे लाखो पावलांचा भार सोसणार, घासणार, झिजणार आणि तिची झीज शरीरातच साचणार. म्हणून या शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निकाल शस्त्रक्रियागृहात लागत नाही. तो काळाच्या दरबारात लागतो. आणि तो ऐकण्यासाठी कोणीतरी वही उघडून बसलेले असावे लागते.

या शस्त्रक्रियेचे जनक सर जॉन चार्न्ली यांच्या चरित्रातच या सत्याचा पहिला पुरावा सापडतो. इंग्लंडमधील लँकशर परगण्यात रायटिंग्टन येथे, पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात त्यांनी आपले प्रयोग केले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेफ्लॉन या गुळगुळीत द्रव्याची वाटी आणि धातूचा गोळा अशी सांध्याची रचना केली. आरंभीचे परिणाम थक्क करणारे होते. १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि वैद्यकीय जगाने त्यांना डोक्यावर घेतले. सुमारे ३०० रुग्णांना हा सांधा बसविला गेला. चार्न्ली तेथेच थांबले असते, तर ते इतिहासात विजयी वीर म्हणून नोंदले गेले असते आणि त्यांचे रुग्ण मात्र निमूटपणे लंगडत राहिले असते.

चार्न्ली थांबले नाहीत. आपल्या रुग्णांना ते पुनःपुन्हा बोलावून तपासत राहिले आणि एक-दोन वर्षांतच त्यांना कटू सत्य उमगले. टेफ्लॉन भराभर झिजत होते आणि त्याच्या कणांमुळे सांध्याभोवतीच्या ऊतींमध्ये दाह होऊन गाठी होत होत्या. या द्रव्याचा उपद्रव पारखण्यासाठी त्यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि तेथे उठलेल्या गाठींची हकीकत १९६३ मध्ये जाहीरपणे छापली. बिघडलेले सांधे काढण्याचे क्लेशकारक कामही त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. जे अपयश झाकता आले असते, ते त्यांनी मोजले.

त्या मोजण्यातूनच पुढचा मार्ग निघाला. यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे एक टणक प्लॅस्टिक, म्हणजे अतिघन पॉलिथिलीन, एका विक्रेत्याने १९६२ मध्ये त्यांच्या कार्यशाळेत आणून दिले. चार्न्लींनी प्रथम ते हातावेगळे टाकले होते. परंतु हॅरी क्रेव्हन या त्यांच्या यंत्र-कारागिराने साहेब परगावी असताना ते झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविले. तीन आठवडे अहोरात्र घासूनही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षा कमी भरली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या नव्या द्रव्याचा सांधा प्रथम रुग्णाला बसला. मात्र टेफ्लॉनने दिलेला धडा चार्न्ली विसरले नाहीत. काही वर्षांचा अनुभव गाठीशी जमेपर्यंत त्यांनी हा सांधा सरसकट विक्रीस जाऊ दिला नाही, आणि मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी काढून घेण्यास त्यांच्या अनेक रुग्णांनी आनंदाने संमती दिली.

जंतुसंसर्गाची कथाही अशीच आहे. खोलवर पू झालेला कृत्रिम सांधा बहुधा काढून टाकावा लागतो, इतके हे संकट भयंकर असते. चार्न्लींच्या प्रारंभीच्या काळात शंभरात सात किंवा त्याहूनही अधिक रुग्णांवर ते कोसळत असे. हवेतून येणारे जंतू त्याला कारण असावेत, अशा तर्काने त्यांनी गाळलेल्या हवेचे बंदिस्त शस्त्रक्रियागृह उभारले. तज्ज्ञांत त्यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद वक्तृत्वाने नव्हे, तर गणनेने मिटला. ब्रिटन व स्वीडनमधील रुग्णालयांत खुबा व गुडघ्याच्या ८,००० हून अधिक शस्त्रक्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या हवेत खोल जंतुसंसर्गाचे प्रमाण दीड टक्का होते. अतिशुद्ध हवेत ते ०.६ टक्के झाले. कागदावर हा फरक एका टक्क्याहूनही लहान दिसतो. परंतु शंभरातील ज्या एकाच्या नशिबी हे दुखणे आले असते, त्याच्यासाठी तो साऱ्या आयुष्याचा फरक असतो.

येथे एक शंका कोणीही घेईल. अनुभवी शल्यचिकित्सकाला आपले बरेवाईट कळत नाही काय? बहुतेक वेळा कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही, गणिताचा आहे. समजा, एक शल्यचिकित्सक वर्षाला असे पन्नास सांधे बसवितो आणि नव्याने आलेला एखादा सांधा जुन्यापेक्षा शंभरात दोनदा अधिक बिघडतो. म्हणजे त्याच्या वाट्याला वर्षाकाठी जादा बिघाड आला एकच. तो रुग्णही कदाचित निराश होऊन दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेला असेल. एका माणसाच्या अनुभवात हा दोष कधीच दिसणार नाही. हजारो रुग्णांची नोंद एकत्र केली तरच तो दिसेल. स्वीडनने हे ओळखले आणि १९७९ मध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. कोणता सांधा, कोणत्या रुग्णालयात, केव्हा बसविला आणि पुन्हा केव्हा उघडावा लागला, याचा ताळेबंद रुग्णालयांकडे परत जाऊ लागला. कोणती पद्धत टिकते आणि कोणती नाही, हे उघड झाले आणि फेरशस्त्रक्रियांचे प्रमाण घटत गेले. कोणावर खटला भरावा लागला नाही. आरसा दाखविणे पुरेसे झाले.

नोंद असली आणि नसली तर काय फरक पडतो, हे एएसआर नावाच्या सांध्याच्या प्रकरणाने जगाला दाखविले. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीचा हा सांधा २००३ पासून बाजारात आला. त्यात धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरे. तरुण व चपळ रुग्णांसाठी तो अधिक टिकाऊ ठरेल, अशी त्याची ख्याती करण्यात आली. अमेरिकेत त्याच्या एका प्रकाराला २००५ मध्ये मान्यता मिळाली, ती रुग्णांवरील स्वतंत्र चाचणीने नव्हे, तर आधीच्या सांध्यांशी असलेल्या साधर्म्याच्या आधारे. प्रत्यक्षात धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटत, ते रक्तात मिसळत आणि सांध्याभोवतीचे स्नायू व हाड यांचा नाश करीत. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून राष्ट्रीय नोंदणी होती. तिच्या आकड्यांत हा दोष प्रथम उमटला आणि २००९ च्या डिसेंबरात तेथील बाजारातून हा सांधा मागे घेतला गेला. इंग्लंड व वेल्सच्या नोंदणीतही पाच वर्षांच्या आत बारा-तेरा टक्के सांधे पुन्हा काढावे लागल्याचे आढळले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा सांधा परत बोलाविला. तोवर सुमारे ९३,००० रुग्णांच्या शरीरात तो बसलेला होता.

आपल्या देशात काय घडले? भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या प्रकरणी पोलिसांकडे तक्रार नोंदविली. तरी आयात परवाना रद्द होण्यास २०१२ साल उजाडले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. २०१८ मध्ये तिच्या अहवालातून उघड झालेली गोष्ट भरपाईच्या कोणत्याही आकड्याहून अधिक अस्वस्थ करणारी आहे. या रुग्णांपैकी सुमारे ३,६०० जणांचा ठावठिकाणाच लागला नव्हता! त्याच वर्षी सरकारने ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरविले. परंतु जो सापडतच नाही त्याला भरपाई कोण देणार? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या दुखण्याचे मूळ कोठे आहे हे त्याला कोण सांगणार? ठणकणारा खुबा घेऊन यांतील कित्येक जण वयाला आणि दैवाला बोल लावीत बसले असतील.

आपल्याकडे काहीच नाही, असे नाही. वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या अपायांच्या तक्रारी गोळा करणारी राष्ट्रीय योजना २०१५ मध्ये सुरू झाली. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१८ च्या आरंभापासून अमलात आले. खुबा व गुडघ्याच्या शल्यचिकित्सकांच्या भारतीय संघटनेने स्वेच्छेवर आधारलेली नोंदणीही चालविली आहे. या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शाळेत अपूर्णांक शिकविणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला येथील उणीव चटकन दिसेल. तक्रार म्हणजे केवळ अंश. किती सांधे बसविले हा छेद ठाऊक नसेल, तर शंभर तक्रारी फार की थोड्या, हे कोणी सांगावे? आणि स्वेच्छेच्या नोंदणीत ज्याचे निकाल चांगले, तोच उत्साहाने वही भरतो. नोंदणी सक्तीची आणि सर्वांची असेल तरच तिला अर्थ आहे.

शिवाय परक्यांच्या नोंदणीवर आपण किती काळ विसंबावे? खुब्याचे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात, हा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला दिलासा देणारा निष्कर्ष परदेशांतील नोंदणींवर आधारलेला आहे. तेथील रुग्ण बहुधा उतारवयातला आणि खुर्चीवर बसणारा. आपल्याकडे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून सांधा गमावलेले पुष्कळ रुग्ण ऐन उमेदीतले असतात. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, शेतात वाकून राबणे हा आपल्या जगण्याचा क्रम. आणि सांधा निखळण्याची भीती नेमक्या अशाच बैठकींत अधिक. या माणसाचा सांधा किती टिकतो, याचे उत्तर स्वीडनच्या वहीत सापडणार नाही.

नोंदणीने डॉक्टरांच्या मागे नसता ससेमिरा लागेल, असा आक्षेप घेतला जातो. गुंतागुंतीचे रुग्ण हाताळणाऱ्याचे आकडे वाईट दिसतील, ही भीती सर्वस्वी निराधार नाही. म्हणूनच रुग्णाचे वय व आजार यांचे माप लावून निकाल तोलण्याची रीत अन्यत्र रूढ आहे. खर्चाचा आक्षेप तर टिकणारा नाही. सांध्याची किंमत लाखाच्या घरात जात असेल, तर त्याचा क्रमांक एका ओळीत लिहून ठेवण्याची किंमत ती किती? ज्या देशात रेल्वेच्या तिकिटाची आणि जमिनीच्या सातबाऱ्याची नोंद राहते, त्या देशात माणसाच्या शरीरात कायमच्या बसविलेल्या वस्तूची नोंद राहू नये, हे कोणत्या तर्कात बसते? उच्च जोखमीच्या उपकरणांसाठी स्वतंत्र नोंदणी असावी, असे २०१८ च्या अहवालानेच सुचविले होते. ही सूचना सक्तीच्या कायद्यात उतरविणे आणि सरकारी आरोग्य योजनांतून होणाऱ्या शस्त्रक्रियांपासून तिचा आरंभ करणे, एवढे तरी शासनाने विनाविलंब केले पाहिजे.

तोपर्यंत रुग्णाने व त्याच्या आप्तांनी आपल्यापुरती वही उघडावी. सांध्याच्या वेष्टनावर त्याचे नाव, आकार व क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या असतात. त्यांतील एक मागून घ्यावी, शस्त्रक्रियेच्या तारखेसह जपून ठेवावी आणि दुखत नसले तरी ठरल्या वेळी तपासणीस जावे.

कारकुनाच्या खतावणीची आपल्याकडे नेहमी थट्टा होते. पण चार्न्लींचे मोठेपण त्यांच्या हातातील सुरीइतकेच त्यांच्या नोंदींत होते, हे विसरता कामा नये. सुरीने एक रुग्ण चालू लागतो. त्याच्यानंतर येणाऱ्या हजारांना वाचविते ती नोंद. आपल्या देशातील ते ३,६०० लोक याच एका नोंदीअभावी हरवले.