गोल्फमधील जवळचा टोला

गोल्फच्या खेळाविषयीं सामान्य समजूत अशी आहे कीं, जो चेंडू दूरवर धाडील तोच खरा खेळाडू. परंतु टोल्यांचा हिशेब निराळेंच सांगतो. अठरा खळग्यांचें मोठें मैदान बहुधा ७२ टोल्यांत पुरें व्हावें असें धरलेलें असतें, आणि त्यांपैकीं ३६ टोले ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोंवतींच्या अगदीं बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू लोटण्यासाठीं राखलेले असतात. शिवाय निष्णात धंदेवाईक खेळाडूंनाहि अठरांपैकीं सुमारें सहा वेळां ठरलेल्या टोल्यांत ग्रीन गांठतां येत नाहीं. मग नवशिक्याची कथा काय? त्याचा चेंडू बहुतेक वेळां ग्रीनच्या बाहेर दहा-वीस पावलांवर थांबतो. तेथून सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्याजवळ तो कसा न्यावा, हाच त्याचा खरा प्रश्न.

या टोल्याचे मुख्य प्रकार दोन. चेंडू थोडा उडून पुष्कळ घरंगळतो तो 'चिप', व पुष्कळ उडून थोडा घरंगळतो तो 'पिच'. (वाळूच्या खड्ड्यांतील टोल्याचें शास्त्र वेगळें आहे, तें येथें सोडून देऊं.) नवशिक्यानें प्रथम चिपच शिकावा असें आमचें स्पष्ट मत आहे. जमिनीवरून धांवणारा चेंडू चुकला तरी थोडाच चुकतो; उंच उडविण्याच्या नादांत चुकलेला चेंडू मात्र कोठें जाईल याचा नेम नसतो.

आमच्या मुलांना येथें एक जुनी संवय आड येते. विटीदांडूंत विटी कोलतांना दांडू विटीखालीं घालून ती उचलावी लागते. गोल्फचा चेंडू तसा उचलावयाचा नसतो. काठीचें पातें मुळांतच तिरपें घडविलेलें असतें. सात क्रमांकाच्या लोखंडी काठीचें सुमारें ३२ अंश, तर 'सँड वेज' नांवाच्या काठीचें सुमारें ५६ अंश. चेंडूला वर चढविण्याचें काम हा तिरपेपणाच करितो. खेळणारा मनगटें वळवून चेंडू उचलूं लागला, म्हणजे काठी चेंडूच्या मागेंच जमिनीला लागते व चेंडू दोन हात सरकून थांबतो. किंवा वर येणारी पात्याची कड चेंडूच्या पोटावर बसते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडे पळतो. दोन्ही अनर्थांचें मूळ एकच.

म्हणून उजव्या हातानें खेळणाऱ्यानें पाय जवळ ठेवावे, शरीराचा भार किंचित् डाव्या पायावर द्यावा, चेंडू उजव्या पायाकडे असूं द्यावा व हात चेंडूच्या थोडे पुढें धरावे. मग खांदे व बाहू घड्याळाच्या लंबकाप्रमाणें हलवावे. मनगटें स्वस्थ राहावीं. पातें खालीं उतरत असतांनाच आधीं चेंडूला व मग गवताला लागलें पाहिजे. अंतर कमीजास्त करावयाचें तें झोंका लहानमोठा करून. मध्येंच हात आंखडून नव्हे.

डोळा मात्र खळग्यावर खिळवूं नये. ग्रीनच्या कडेपासून एकदोन पावलें आंत एक जागा निवडावी व चेंडू तेथें उतरवावा. पुढचें काम जमिनीचा उतार करील. सात क्रमांकाच्या काठीनें चेंडू उडतो त्याच्या कित्येक पट घरंगळतो. वेजनें बराच कमी. मध्यें खड्डा आडवा असेल तरच उंच टोल्याचा विचार करावा.

खड्डा असूनहि जमिनीवरूनच वाट काढणारा एक मुलगा होऊन गेला. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील पेद्रेन्या गांवीं १९५७ सालीं जन्मलेला सेव्हे बालेस्तेरोस लहानपणीं समुद्राच्या वाळूंत तीन क्रमांकाच्या एकाच काठीनें खेळे. ती काठी लांब टोल्यासाठीं बनविलेली; परंतु दुसरी नसल्यामुळें जवळचे नाजुक टोलेहि तो तिनेंच शिकला. १९७६ सालीं इंग्लंडांतील रॉयल बर्कडेल येथें ब्रिटिश ओपन सामन्याच्या शेवटच्या खळग्याशीं त्याच्या चेंडूपुढें वाळूचे दोन खड्डे आले. त्यानें चेंडू त्या दोहोंमधील चिंचोळ्या वाटेनें धांवडवून खळग्याशीं नेला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं जॅक निक्लॉससमवेत दुसरा क्रमांक मिळविला. पुढें १९७९, १९८४ व १९८८ सालीं तो सामना त्यानें जिंकला. आपल्या देशांत कलकत्त्याचे शिवशंकर प्रसाद चौरसिया हे रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबांतील हिरवळ राखणाराचे चिरंजीव. ग्रीनजवळच्या खेळाविषयीं त्यांची ख्याति आहे. २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांनीं इंडियन ओपन जिंकली.

पालकांना खर्चाची धास्ती वाटत असेल, तर या अभ्यासास एक जुनी लोखंडी काठी, चारदोन चेंडू व गवताचा तुकडा पुरतो. उतरण्याच्या जागीं एक पंचा अंथरावा. दरेक टोल्यास जागा बदलावी, कारण एकाच ठिकाणाहून वीस टोले मारल्यास हात शिकतो, डोळा शिकत नाहीं. समोर कोणी उभें नाहीं हें मात्र आधीं पाहावें, आणि वर्गांच्या खिडक्यांकडे पाठ करून उभें राहावें.