थेंबे थेंबे कॉफी (भाग ४) : जाडसर दळा, पण एकसारखं

मागच्या आठवड्यात आपण कागदातून गाळायच्या कॉफीची मापं ठरवली. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, साधारण तीन मिनिटं. आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं, म्हणजे भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुडत बाहेर पडतो. मग उरलेलं पाणी सावकाश, गोल धारेनं. एवढं सगळं तंतोतंत पाळूनही सोमवारची कॉफी आंबट आणि मंगळवारची कडू होत असेल, तर धारेला दोष देऊ नका. दळण बघा.

हे शहाणपण मला उशिरा आलं. लांब चोचीची किटली मी आधी घेतली, कारण ती ओट्यावर देखणी दिसते. बिया मात्र सहा महिने मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवत होतो. कॉफी अशी व्हायची की एकाच घोटात कैरीही आणि कारलंही. पाण्याचं तापमान बदललं, कागद बदलला, बिया बदलल्या. एकदा भांडं धुण्याआधी तिरकं करून उजेडात धरलं. तळाशी टाल्कम पावडर आणि वर चक्क अर्ध्या फुटलेल्या बिया. एका भांड्यात दोन दळणं होती आणि मी त्यांची एक कॉफी करत होतो.

असं का होतं, ते समजून घेऊ. भाजलेल्या कॉफीच्या वजनातला जेमतेम तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा लाकडासारखा चोथा. पण जे विरघळू शकतं ते सगळं पेल्यात यावं, असंही नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात कॉफीच्या चवीचा आणि विरघळलेल्या भागाचा संबंध एका तक्त्यात मांडला. बहुतेकांना रुचणारा टप्पा निघाला १८ ते २२ टक्क्यांचा. तो तक्ता थोड्याफार फेरफारांसह आजही वापरात आहे. आपल्या मापात सांगायचं तर १५ ग्रॅम पुडीतले सुमारे तीन ग्रॅम पेल्यात, आणि बारा ग्रॅम तुळशीच्या कुंडीत.

हे तीन ग्रॅम एकदम येत नाहीत. आंबट चवीचे पदार्थ लवकर सुटतात, गोडवा त्यांच्या मागून येतो, आणि कडू-तुरट मंडळी सर्वांत शेवटी निघतात. पाणी किती लवकर कणाच्या गाभ्यापर्यंत पोचतं, हे कणाच्या आकारावर ठरतं. एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचं पृष्ठफळ सहा चौरस मिलिमीटर. त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे आठ तुकडे केले, तर कॉफी तेवढीच राहते, पण पृष्ठफळ होतं बारा. शिवाय गाभ्यापर्यंतचं अंतरही निम्मं.

आता माझं मिक्सरचं भांडं आठवा. त्याच तीन मिनिटांत जाड तुकडे आंबटपणापाशीच थांबले होते आणि पावडर कडूपर्यंत जाऊन बसली होती. सरासरी काढली तर कदाचित वीस टक्केच आली असती. पण जीभ सरासरी काढत नाही. तिला दोन्ही टोकं वेगवेगळी कळतात. त्यात बारीक भुकटी कागदाची छिद्रं बुजवते, पाणी तुंबतं आणि तीन मिनिटांची कॉफी पाच मिनिटांवर जाते.

मिक्सर खरं तर दळत नाही, तोडतो. पातं ज्या कणाला लागेल त्याला लागेल. जो चुकला तो चुकला. जात्याचं तसं नसतं. वरून मूठमूठ वैरायचं, आणि दाणा दोन तळ्यांमधल्या फटीत मावेल एवढा झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. कॉफीचा चांगला ग्राइंडर म्हणजे हेच जातं, फक्त दगडाच्या जागी दातेरी पोलाद किंवा सिरॅमिक. हाताच्या ग्राइंडरमध्ये बहुधा एक शंकू आणि त्याभोवती कडं असतं. विजेच्या यंत्रांत शंकूही असतो किंवा समोरासमोर दोन सपाट चकत्या. फट किती ठेवायची ते आपण ठरवायचं. आसात खेळ असेल, म्हणजे फिरवताना शंकू डुगडुगत असेल, तर फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होते. महाग ग्राइंडरचे पैसे आपण मोजतो ते मुख्यतः हे डुगडुगणं थांबवण्यासाठी. अर्थात, भाजलेली बी ठिसूळ असल्यामुळे थोडी भुकटी उत्तमातल्या उत्तम यंत्रातही पडतेच.

म्हणून या छंदाचा हिशेब मी असा मांडतो: एकसारखेपणा विकत घ्यावा लागतो, जाडी मात्र फुकटात बदलता येते. पैसे थोडेच असतील तर किटली थांबू द्या आणि हाताचा बरा ग्राइंडर आधी घ्या.

जाडी किती ठेवायची? आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहेत. फ्रेंच प्रेसला लापशीचा रवा. आपल्या शंकूच्या आकाराच्या, कागद घालायच्या ड्रिपरला उपम्याचा जाड रवा. बारीक रव्याकडे झुकलात की पाणी रेंगाळू लागतं. माटुंग्याला स्टीलच्या फिल्टरसाठी दळून मिळणारी पूड त्याहूनही बारीक असते, आणि तिच्यात बहुधा चिकोरी असते. ती त्या फिल्टरमध्येच शोभते. कागदावर घातलीत तर घड्याळ बघत बसाल. ग्राइंडरवरचे आकडे मात्र मित्राला विचारू नका. त्याच्या यंत्राचा अठरा तुमच्या यंत्राचा अठरा नसतो. आधी शंकू कड्याला टेकेपर्यंत आवळा, तो तुमचा शून्य. तिथून उलट मोजत या.

सुरुवात कुठूनही करा, पुढचं जीभ सांगेल. कॉफी आंबूस, पाणचट आणि दोन मिनिटांत खाली आली, तर एक-दोन खटके बारीक. कडवट, जीभ कोरडी करणारी आणि चार मिनिटं रेंगाळणारी झाली, तर तेवढेच जाड. संत्र्यासारखा रसाळ आंबटपणा लागला तर हात लावू नका. चिकमगळूरच्या चांगल्या अरेबिकात तो असायलाच हवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, पाणी आणि बिया एकदम बदलल्या, तर कॉफी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळणार नाही.

बियांची भाजणीही लक्षात घ्या. हलकी भाजलेली बी टणक असते आणि चव सोडायला कुरकुरते, तिला बारीक दळावं. गडद भाजलेली ठिसूळ असते आणि पटकन कडवटते, तिला जाड.

जाड दळणाची भरपाई ओतण्यानंही करता येते. जपानचे तेत्सु कासुया २०१६मध्ये वर्ल्ड ब्रूअर्स कप जिंकले ते अशाच पद्धतीनं. २० ग्रॅम जाड पूड, ३०० ग्रॅम पाणी, साठ-साठ ग्रॅमचे पाच हप्ते, दर दोन हप्त्यांमध्ये सुमारे ४५ सेकंद. दळण जाड, म्हणून पाणी तुंबत नाही. प्रत्येक हप्त्यात ताजं पाणी येतं, म्हणून चव सुटत राहते. जाडी आणि धार ही जोडीनं ठरवायची असतात, ती अशी.

एक लहानशी युक्ती. दळताना घर्षणानं स्थिर वीज तयार होते आणि पूड यंत्राला, ओट्याला, बोटांना चिकटते. कोरड्या थंडीत तर फारच. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेन्डन यांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांना हाताशी धरून २०२३मध्ये याचा छडा लावला. दळण्याआधी बियांवर थोडं पाणी असलं की ही वीज पुष्कळ कमी होते. घरच्यासाठी चमच्याची मागची बाजू पाण्यात बुडवून बियांत फिरवली तरी पुरे.

या आठवड्याचा गृहपाठ चाळणीचा. तीसेक ग्रॅम कॉफी दळा, मिक्सर असेल तर मिक्सरमध्येच. मैद्याच्या चाळणीनं चाळा. खाली पडेल ती भुकटी एका वाटीत. वर राहिलेल्यातले सर्वांत जाड तुकडे वेचून दुसऱ्या वाटीत. तिसऱ्या वाटीत मधलं. प्रत्येकातलं पाच ग्रॅम वेगवेगळ्या पेल्यात घ्या, वर ८० ग्रॅम गरम पाणी ओता, चार मिनिटांनी गाळा, कोमट होऊ द्या आणि चाखा. कारलं कुठल्या पेल्यात सापडलं आणि कैरी कुठल्या, ते वहीत लिहा. मधला पेला मात्र पूर्ण प्या. ग्राइंडर नसला, तर पुढचे काही दिवस ही चाळणीच तुमचा ग्राइंडर.

पुढच्या भागात पाणी. आरओच्या नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच पुडीच्या दोन वेगळ्या कॉफ्या का करतं, ते बघू. दोन्ही पाण्यांची एकेक बाटली भरून ठेवा.