शंभर पानांचे भरीत

खानदेशात ‘भरीत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: एक, भाजलेल्या वांग्याचा ठेचून केलेला पदार्थ, आणि दुसरा, तो पदार्थ करण्याच्या निमित्ताने हिवाळ्यात शेतात, मळ्यात किंवा अंगणात बसलेली पंगत. ‘रविवारी भरीत आहे’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याला जेवणात काय आहे हे कळते, तसेच वीस-पंचवीसपासून शंभरापर्यंत माणसे जमणार आहेत, हेही कळते. शब्दाच्या या दुहेरी वापरामागे पदार्थाची घडणच आहे. खानदेशी भरताचे इंधन, त्याचे भांडे, कामाची वाटणी आणि वाढण्याची वेळ ही सारी मोठ्या संख्येला धरून ठरलेली आहेत, आणि शंभर पानांसाठी, म्हणजे शंभर जेवणाऱ्यांसाठी, भरीत कसे होते हे क्रमाने पाहिले असता त्यामागची कारणे स्पष्ट होत जातात.

हा क्रम पाहण्यासाठी खानदेशातील एक भाग घेऊ: धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुका तापीच्या दक्षिणेला पसरलेला आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग त्यातून जातो, तालुक्यातील दोंडाईचा ही मिरचीची नावाजलेली बाजारपेठ आहे, आणि काळ्या जमिनीत कपाशी हे येथील महत्त्वाचे नगदी पीक आहे. कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, की शेतात वाळलेली झाडे उभी राहतात. ती उपटून बांधावर रचलेल्या काड्या हेच भरताचे इंधन होय. हंगाम संपल्यावरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवणे, म्हणजे फरदड घेणे, पूर्वी सर्रास चाले. परंतु २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केल्यानंतर, उभ्या पिकात अळीला आसरा मिळतो म्हणून शेत वेळेवर मोकळे करावे, असे कृषितज्ज्ञ आग्रहाने सांगत आले आहेत. वांग्यावरील धार्मिक निर्बंधही शेत मोकळे होते त्याच सुमारास उठतो, कारण अनेक घरांत चातुर्मासात वांगे व कांदा वर्ज्य असतो आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग ते जेवणात येते. वांगी थंडीने भरलेली, काड्या खडखडीत वाळलेल्या आणि वेचणीतून हात मोकळे झालेले, अशा तिन्ही गोष्टी मार्गशीर्षापासून माघापर्यंत एकत्र येतात व त्यांतून भरताचा हंगाम ठरतो.

भरताचे वांगे भाजीच्या वांग्याहून वेगळे असते: फिकट हिरवे, मोठे, पातळ सालीचे आणि कमी बियांचे. जळगावच्या अशा वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे एखाद्या प्रदेशामुळे वस्तूला आलेल्या गुणांची कायदेशीर ओळख, मिळाले; यावल तालुक्यातील बामणोदची वांगी तर खानदेशाबाहेरही मागवली जातात. माणशी पाव किलो या ढोबळ हिशेबाने शंभर पानांना पंचवीस किलो वांगी लागतात, आणि ती निवडताना जाणकार दोन गोष्टी पाहतात. आकाराच्या मानाने हलके वांगे घेतले जाते, कारण जड वांग्यात बी धरलेले असण्याची शक्यता अधिक. आणि सगळी वांगी शक्यतो एका मापाची घेतली जातात, कारण ती एकाच जाळावर एकाच वेळी भाजायची असतात. भाजण्याआधी प्रत्येक वांग्याला सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचे मारतात, म्हणजे आत कोंडलेल्या वाफेने ते फुटत नाही.

काड्यांचा जाळ लाकडाच्या निखाऱ्यासारखा संथ नसतो. बोटाएवढ्या जाडीची काडी भडकून पेटते आणि थोड्याच वेळात राख होते. त्यामुळे जमिनीवर काड्यांचा थर, त्यावर वांगी आणि वर पुन्हा काड्या अशी रचना करून एकदम जाळ लावला जातो, आणि लांब काठीने वांगी फिरवत, कमी पडेल तिथे काड्या सारत तो टिकवला जातो. दोन वांग्यांसाठी असा जाळ लावणे परवडत नाही, कारण थोड्या काड्यांची उष्णता वाऱ्यावर जाते. ढीग मोठा असेल तरच शेजारच्या वांग्यांची धग एकमेकांना लागते आणि भाजणे सर्व बाजूंनी होते. हिरवी साल आधी मळकट होते, मग काळी पडून तिला भेगा जातात, टोच्यातून रस बाहेर येऊन सालीवर उकळतो आणि देठाशी वाफेची बारीक धार फुसफुसू लागते. वांग्याच्या गरात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते; साल जळत असताना तीच झाकणाचे काम करते आणि गर स्वतःच्या वाफेत शिजतो, तर जळत्या काड्यांचा धूर भेगांतून आत मुरतो. देठालगतचा भाग सर्वांत शेवटी मऊ होतो, म्हणून काठीचे टोक तिथे दाबून पाहतात; ते सहज रुतले, की वांगे जाळातून बाहेर काढले जाते.

सोलण्याच्या कामाला सर्वांत जास्त हात लागतात. वांगे देठाने उचलून, बोटे पाण्यात बुडवत, काळी साल वरून खाली पट्ट्यांनी ओढून काढतात. मात्र सोललेले वांगे पाण्यात धुतले जात नाही, कारण धुतल्याने काळे कण जातात तसा धुरकट स्वादही जातो. चांगले भाजलेले वांगे सोलल्यावर हिरवट पांढरे निघते. कच्चे वांगे चिरले असता काळे पडते, ते त्यातील विकरामुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे. पुरेशी उष्णता मिळाली, की ते विकर निकामी होते, आणि म्हणूनच गराचा रंग हा भाजणीचा पुरावा ठरतो. वांगी गार झाली तर साल गराला चिकटून बसते, त्यामुळे आठ-दहा माणसांनी जाळाभोवती बसून ती गरम असतानाच सोलावी लागतात.

सोललेला गर बडगीत जातो. बडगी म्हणजे लाकूड कोरून केलेले खोलगट भांडे. त्यात गर लाकडी मुसळीने ठेचतात. येथे ठेचणे आणि वाटणे यांतला फरक महत्त्वाचा आहे. मिक्सरचे पाते गर कापते, पेशी फोडून त्याचा चिकट लगदा करते आणि उरलेल्या बियाही चिरडते. मुसळीच्या आघाताने मात्र मऊ गर तंतूतंतूंनी सुटतो, त्यातील सुटे पाणी बाजूला जमते आणि तंतू शाबूत राहतात. मुसळी सरळ उभी न आपटता किंचित तिरकी आणून ओढून घेतली जाते, आणि प्रत्येक ठोक्यासरशी घट्ट गोळ्यातून लांब धागे वेगळे होत जातात. ठोक्याचा आवाज सुरुवातीला बद्द येतो आणि गर सैल झाला की ओला, पसरट होतो, तेव्हा हात थांबतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील बार्बेक्यूची एक रीत याच्या फार जवळची आहे. तेथे डुकराचा खांदा किंवा कोंबडी मंद धुरावर दीर्घकाळ शिजवतात, मांसाचे हाताने धागे ओढतात, त्यात आंबट-गोड सॉस कालवतात आणि लहान पावांत भरून जमावाला वाढतात. मांसात मऊपणा येतो तो कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जिलेटिन झाल्यामुळे, आणि वांग्यात येतो तो पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळल्यामुळे. मांसाला त्यासाठी कित्येक तास लागतात, वांग्याला काही मिनिटे पुरतात. पण दोन्हींकडे प्रश्न एकच आहे, की एका जाळावर अनेकांचे जेवण कसे व्हावे, आणि उत्तरही एकच आहे: वस्तू सुटी होईपर्यंत मऊ करावी, तिचे धागे करावेत, म्हणजे मसाला प्रत्येक धाग्याला लागतो आणि वाटणीत लहान-मोठा तुकडा असा भेद उरत नाही. बडगीत शिरलेले कोणते वांगे मोठे होते आणि कोणते थोडे करपले होते, हे शंभरांपैकी कोणालाही पानात ओळखता येत नाही.

खानदेशी भरतात टोमॅटो, हळद किंवा लाल तिखट घालत नाहीत. त्याचा तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि रंगही हिरवा असतो. मिरची व लसूण तेलात परतून किंवा भाजून बडगीतच ठेचून घेतात. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते, म्हणून तेलातून गेलेली मिरची संपूर्ण भरतात सारखी पसरते. मोठ्या कढईत जिरे-मोहरीची फोडणी, त्यात शेंगदाणे व सुक्या खोबऱ्याचे काप, मग ठेचलेली मिरची आणि भरपूर चिरलेली कांद्याची पात पडते. शेवटी गर घालून तो फक्त कालवला जातो. गर आधीच शिजलेला असल्याने आचेवर अधिक ठेवला तर पाणी सुटते आणि पातीचा करकरीतपणा जातो. वरून कोथिंबीर घातली, की काम संपते.

भरताबरोबर कळण्याची भाकरी हे घरचे जेवण होय; कळणा म्हणजे ज्वारीत सालीसकट उडीद व मीठ घालून दळलेले पीठ. शंभर पानांना दीडशेच्या आसपास भाकरी लागतात आणि प्रत्येक भाकरी स्वतंत्र थापून भाजावी लागते, म्हणून मोठ्या पंगतीत पुरीला स्थान मिळाले, कारण एका कढईत एका वेळी अनेक पुऱ्या निघतात. सोबत मुळा, कच्चा कांदा आणि मठ्ठा असतो. सारे वेळापत्रक पंगत बसण्याच्या क्षणापासून मागे मोजले जाते: फोडणी पाने मांडताना, ठेचणे त्याआधी, सोलणे त्याही आधी आणि जाळ सर्वांत प्रथम.

जळगावात डिसेंबर २०१८ मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी एकाच कढईत सुमारे अडीच हजार किलो भरीत केले, आणि इतक्या प्रमाणातही हा पदार्थ उतरतो, हे हजारो लोकांसमोर दिसले. गॅसच्या शेगडीवर एक वांगे भाजून मिक्सरमधून काढले, तर त्यालाही भरीतच म्हणावे लागते, पण त्यात काड्यांचा धूर नसतो, बडगीचा तंतू नसतो आणि गरम वांगी सोलणारे हातही नसतात. ही तिन्ही जपण्याजोगी आहेत, आणि ती जपण्याचा मार्ग शिंदखेड्याच्या शिवारात आजही चालू आहे. इतर जेवणावळींत माणसे ठरतात आणि मग बेत ठरतो; येथे आधी भरीत ठरते, आणि मग त्याला पुरतील इतकी माणसे बोलावली जातात.