आंतरराष्ट्रीय श्रमनीती आणि वऱ्हाडचा हंगामी कामगार : चांदूर रेल्वे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

श्रमविषयक व सामाजिक धोरणांच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय संस्थांचे जे सहकार्य चालते, त्याचा विचार बहुधा जिनीव्हा येथील परिषदांच्या अनुषंगाने केला जातो. परंतु कोणत्याही कराराची खरी कसोटी तो ज्याच्यासाठी झाला त्या कामगारापर्यंत कितपत पोहोचला, हीच होय. या दृष्टीने अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव अभ्यासास सोयीचे आहे. 1867 मध्ये नागपूरला पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मार्गावर ते वसलेले असून सभोवतालचा मुलूख कापसाचा आहे. रेल्वेचा नोकर, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यातील हंगामी मजूर आणि शेतात कापूस वेचणारी स्त्री असे श्रमिकांचे तीन वर्ग या परिसरात एकाच पिकाच्या व एकाच वाहतुकीच्या आधारे जगत आले. आंतरराष्ट्रीय नियमांचा लाभ मात्र तिघांना सारखा झाला नाही. असे का झाले, हे पाहणे या लेखाचे प्रयोजन आहे.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटना 1919 मध्ये स्थापन झाली आणि हिंदुस्थान तिचा संस्थापक सदस्य होता. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. कामगारांचा प्रतिनिधी देशातील प्रमुख कामगार संघटनांच्या संमतीने निवडावा, असा संघटनेच्या घटनेचा दंडक होता. 1920 मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना होण्यास हा दंडक अंशतः कारणीभूत झाला. परिषदेने कामाच्या तासांचा पहिला करार संमत केला. त्यात सर्वसाधारण मर्यादा दिवसाला 8 व आठवड्याला 48 तासांची होती. परंतु हिंदुस्थानासाठी दहाव्या कलमात आठवड्याला 60 तासांचे वेगळे तत्त्व घालण्यात आले. ते कारखाने-कायद्याखालील उद्योग, खाणी व रेल्वेकामाच्या काही शाखा यांनाच लागू होते. शेतीचा त्यात समावेश नव्हता.

हिंदुस्थान सरकारने 14 जुलै 1921 रोजी या करारास अनुसमर्थन दिले. 1922 च्या दुरुस्ती कायद्याने कारखान्यांत आठवड्याला 60 व दिवसाला 11 तासांची मर्यादा आली आणि मुलांचे किमान वय 9 वरून 12 वर गेले. रेल्वेच्या बाबतीत 1930 मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या 1947 च्या निवाड्याने सततच्या कामासाठी 54 तास, अतिश्रमाच्या कामासाठी 45 तास व खंडित स्वरूपाच्या कामासाठी 75 तास अशी वर्गवारी ठरविली. मालक एक, नोकरी कायमची आणि हजेरीची नोंद नियमित. यामुळे रेल्वेत नियमाची अंमलबजावणी तपासणे शक्य झाले.

जिनची स्थिती निराळी होती. सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधण्याचे काम वर्षातील काही महिनेच चालते. 1881 च्या कायद्यातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळलेलेच होते. 1911 च्या कायद्याने त्यांना कक्षेत आणले. परंतु स्त्रियांच्या रात्रीच्या कामावरील बंदीतून जिनिंगला सूट दिली. व्हिटली आयोगाच्या 1931 च्या अहवालानंतर झालेल्या 1934 च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला 54 तास, तर हंगामी कारखान्यांसाठी 60 तास ठरले. हा भेद 1948 च्या कायद्याने नाहीसा झाला आणि सर्वांना 48 तासांची मर्यादा लागू झाली. म्हणजे 1919 मध्ये जगासाठी मान्य झालेले प्रमाण जिनच्या मजुरासाठी कायद्यात उतरण्यास 29 वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सहकार्याचे स्वरूप बदलले. 1944 च्या फिलाडेल्फिया घोषणेने श्रमनीतीची सांगड सामाजिक सुरक्षिततेशी घातली आणि 1946 मध्ये मजूर संघटना संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली विशेष संस्था बनली. एका संस्थेच्या अधिकारात न मावणारे प्रश्न पुढे आल्यामुळे असे सहकार्य अपरिहार्य ठरले. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार हा आरोग्याचा प्रश्न आहे, तसाच कामाच्या जागेचाही आहे. जागतिक आरोग्य संघटना व मजूर संघटना यांच्या संयुक्त समितीची व्यावसायिक आरोग्यविषयक पहिली बैठक 1950 मध्ये झाली. 1964 च्या 121 व्या करारातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत या विकाराचा समावेश आहे. व्यापाराच्या बाबतीत जागतिक व्यापार संघटनेच्या 1996 च्या सिंगापूर घोषणेने श्रममानके ठरविण्याचा अधिकार मजूर संघटनेचाच असल्याचे मान्य केले.

या सहकार्याची एक शाखा अमरावती जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचली. भारत सरकार व अमेरिकेचे श्रमखाते यांनी समसमान खर्च उचललेला आणि मजूर संघटनेमार्फत चालविलेला ‘इंडस’ हा बालकामगार प्रकल्प 2004 मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातील निवडलेल्या पाच जिल्ह्यांत अमरावती एक होता. लहान मुलांना थेट शाळेत, त्यांच्याहून मोठ्यांना संक्रमण-शिक्षण केंद्रांत व किशोरांना व्यवसायशिक्षणात घालावयाचे, अशी त्याची योजना होती. तथापि विडी, विटा, फटाके, काचेच्या बांगड्या अशा दहा धोकादायक उद्योगांपुरताच तो मर्यादित होता. कापूस वेचणीचा त्या यादीत समावेश नव्हता. भारताने बालमजुरीविषयीच्या 138 व 182 या क्रमांकांच्या करारांना 13 जून 2017 रोजी अनुसमर्थन दिले.

शेतमजुरांच्या संघटनस्वातंत्र्याच्या 11 व्या करारास हिंदुस्थानने 1923 मध्ये आणि ग्रामीण श्रमिकांच्या संघटनांविषयीच्या 141 व्या करारास भारताने 1977 मध्ये अनुसमर्थन दिले होते. म्हणजे वेचणी करणाऱ्या स्त्रीचा आंतरराष्ट्रीय कायद्याला विसर पडला होता, असे म्हणता येत नाही. परंतु वजनावर मजुरी घेऊन आज एका व उद्या दुसऱ्या शेतात जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हजेरीपत्रक कोणी ठेवावयाचे आणि निरीक्षकाने कोठे जावयाचे, हा प्रश्न करार सोडवीत नाही. कारखान्यातही मजुरांच्या संख्येची अट आहेच. 1948 च्या कायद्यात शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी ती 10 होती. 2020 च्या व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ती 20 केली. लहान जिन त्यामुळे कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहू शकतो.

यावरून एक निष्कर्ष निघतो. आंतरराष्ट्रीय संस्थांचे सहकार्य प्रमाण ठरविते, राष्ट्राला बांधून घेते आणि प्रसंगी द्रव्यही पुरविते. मात्र ते पोहोचते तेथपर्यंतच, जेथपर्यंत देशातील कायद्याची व्याख्या व तपासणीची यंत्रणा पोहोचते. म्हणून श्रमनीतीच्या अभ्यासकाने अनुसमर्थनांची यादी पाहून थांबू नये. कायद्यातील ‘कारखाना’, ‘हंगाम’ व ‘मजूर’ या शब्दांच्या व्याख्या कोणाला आत घेतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, हे तालुक्याच्या पातळीवर तपासणे तितकेच अगत्याचे आहे.