जमिनीवर पडलेला चिमटा

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचली जात होती. एक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढलं. त्या एका बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. लस मुंबईच्या परळमधल्या प्रयोगशाळेतली. ठपका आला तिचे प्रमुख वाल्देमार हाफकिन यांच्यावर. ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. १९२५ पासून ती प्रयोगशाळा त्यांचंच नाव लावते.

मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नाहीत. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह लागतो. घरच्या कुकरसारखीच ही युक्ती: दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सिअसला पोहोचते आणि १५ मिनिटांत बीजाणूही मरतात.

बाकीचे नियमही असेच साधे. तारेचा लूप ज्योतीत लालबुंद होईपर्यंत धरायचा, निववायचा, मगच जंतूंना लावायचा. पेट्री डिशचं झाकण ज्योतीजवळ, जेमतेम तिरकं उचलायचं. पिपेट तोंडानं कधीच ओढायची नाही. वापरलेल्या डिश ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकायच्या नाहीत. ॲप्रन प्रयोगशाळेतच काढायचा आणि हात साबणानं धुऊनच बाहेर पडायचं.

विद्यार्थी मित्रांनो, हातातली वस्तू खाली पडली तर ती पुन्हा निर्जंतुक करा. तेवढा वेळ वाचवण्याची किंमत मुलकोवालनं मोजली आहे.