पुनर्वसनशास्त्राच्या अध्ययनात भाषाविश्लेषणाचे स्थान

व्याधी समूळ दूर करणे हे वैद्यकाचे उद्दिष्ट असते. ती दूर न झाली तरी माणसाचा खुंटलेला व्यवहार पुन्हा कसा चालू करावा, हा पुनर्वसनशास्त्राचा प्रश्न होय. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, श्रवणशास्त्र आणि वाक्-भाषाचिकित्सा या त्या शास्त्राच्या प्रमुख शाखा आहेत. यांपैकी शेवटच्या शाखेत भाषाविज्ञानाचा अभ्यास करावा लागतो. परंतु विद्यार्थी त्याकडे बहुधा पूरक विषय म्हणून पाहतात. वस्तुतः या शाखेतील निदानाचा पायाच भाषाविश्लेषणावर उभा आहे.

भारतात या अध्ययनाची संस्थात्मक उभारणी म्हैसूर येथे १९६५ मध्ये आणि मुंबई येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थांनी केली. १९९२ च्या कायद्याने या क्षेत्रातील शिक्षणाला व व्यावसायिकांच्या नोंदणीला नियमबद्ध रूप दिले. २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्यात वाणी व भाषा यांच्या कायमच्या विकलतेचा स्वतंत्र उल्लेख असून तिच्या कारणांत वाचाघाताचा निर्देश आहे. यामुळे निदानाला उपचाराखेरीज हक्काचेही मोल आले आहे. अशा स्थितीत निदानाचे साधन सदोष असेल, तर त्याची झळ रुग्णालाच पोहोचते.

वाचाघाताचे उदाहरण घ्यावे. १८६१ मध्ये पॉल ब्रोका याने मेंदूच्या विशिष्ट भागातील इजेचा आणि वाणीच्या लोपाचा संबंध दाखविला. १९४१ मध्ये रोमान याकोबसन याने बालकाचे भाषार्जन आणि रुग्णाचा भाषालोप यांचा एकत्र विचार केला. बालक जे शेवटी मिळविते ते रुग्ण प्रथम गमावतो, हे त्याचे प्रतिपादन पुढील निरीक्षणांत पूर्णपणे टिकले नाही. तथापि रुग्णाच्या चुकांनाही भाषेच्या घडणीचे नियम असतात, ही दृष्टी त्यातून रुजली.

ही घडण भाषेगणिक निराळी असते. इंग्रजी बोलणारा रुग्ण पुष्कळदा उपपदे व प्रत्यय गाळतो. मराठीत तशी उपपदेच नाहीत. उलट ‘घोड्याला’ या रूपातील ‘ला’ गळल्यावर रुग्ण ‘घोडा’ म्हणतो की ‘घोड्या’, हे पाहणे अगत्याचे ठरते. ‘घोड्या’ म्हणणाऱ्याची सामान्यरूपाची जाण शाबूत असण्याचा संभव आहे. ‘घोडा’ म्हणणाऱ्याविषयी तसे अनुमान काढता येत नाही. तसेच ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. रुग्ण ‘मुलाने पोळी खाल्ला’ असे म्हणाला, तर बिघाड शब्दसंग्रहात नसून अन्वयात आहे, असे दिसून येते. इंग्रजी चाचणीचे केवळ भाषांतर केले, तर हा बिघाड हुडकणारा प्रश्न तीत येणारच नाही. कारण मूळ चाचणीला त्याची गरजच नव्हती.

बालकांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’ या शब्दाचा उच्चार ‘डोया’ असा होतो; ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ तर अनेक बोलींत ऐकू येते. प्रमाण उच्चारांवर बेतलेल्या चाचणीत असे मूल दोषी ठरू शकते. मात्र जे मूल आपल्या घरच्या माणसांसारखेच बोलते, त्याची वाणी निर्दोष असते. तिला उपचाराची आवश्यकता नाही. याउलट सहा वर्षांचे मूल ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणत असेल आणि त्याच्या घरी कोणीही तसे बोलत नसेल, तर तेथे बोलीचे निमित्त पुढे करून उपचार लांबविणे हाही अन्यायच होय. भेद आणि दोष यांतील ही सीमारेषा कानाच्या सवयीने आखता येत नाही. त्यासाठी त्या बोलीची ध्वनिव्यवस्था ठाऊक असावी लागते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वाक्-भाषाचिकित्सेच्या विद्यार्थ्याने भाषाविज्ञानाच्या सामान्य सिद्धान्तांबरोबरच मराठीचे वर्णनात्मक व्याकरण आणि ज्या प्रदेशात काम करावयाचे तेथील बोली यांचा परिचय करून घेतला पाहिजे. दुसरे असे की, बोलींची वर्णने आणि बालभाषेची निरीक्षणे ही भाषाविज्ञान विभागांनी केवळ विद्वानांच्या उपयोगाची सामग्री मानू नये. चाचणी रचणाऱ्याला तीच सामग्री लागते. ती उपलब्ध नसली म्हणजे चिकित्सकाला परक्या भाषेच्या मापाने मराठी माणसाची वाणी मोजावी लागते, आणि त्या मापातील चूक रुग्णाच्या नावावर मांडली जाते.