जुन्या जीपला नवे अवयव : आधी ब्रेक, मग इंजिन

पुष्कळ गावांत गोठ्याच्या कडेला किंवा चिंचेच्या सावलीत ताडपत्री पांघरलेली एक जुनी जीप उभी दिसते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी कधीकाळी हौसेने घेतलेली. तिने बियाण्याची पोती वाहिली, लग्नाचे वऱ्हाड नेले, अडलेल्या बाळंतिणीला रातोरात तालुक्याच्या दवाखान्यात पोचवले. आता भंगारवाला येतो, वजनावर भाव सांगतो आणि घरात दोन तट पडतात. म्हातारी माणसे म्हणतात, "असू द्या दारात." तरणा मुलगा म्हणतो, "मी हिला पुन्हा उभी करतो. इंजिन एका गाडीचे, गिअरपेटी दुसऱ्या गाडीची आणि टायर रुंद घालतो. बघतच राहाल!"

वाचकहो, मुलाचा उत्साह खोटा नाही. जुनी जीप पुन्हा चालती होते आणि दुसऱ्या गाडीचे भाग लावूनच ती पुष्कळदा चालती होते. पण काम कोणत्या क्रमाने करायचे, हे ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नये. कारण त्या गाडीत उद्या आपलीच लेकरे बसणार आहेत.

जीपच्या घराण्यातली जुनी रीत

महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ सालची. स्वातंत्र्याच्या सुमारास तिने अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या जीपा सुट्या भागांतून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे आपल्याकडे सर्वांत जास्त परिचयाची झाली ती सीजे-३बी, म्हणजेच 'हाय बॉनेट' जीप. तिचे बॉनेट उंच का? तर आतले 'हरिकेन' पेट्रोल इंजिन उंच होते म्हणून. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह त्यात वरच्या हेडमध्ये बसवला होता, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर चढवावे लागले.

हे इंजिन सुमारे २.२ लिटरचे. जोमदार, पण पेट्रोल पिणारे. पेट्रोल महागले तशी डिझेल जीपची मागणी वाढली. तेव्हा कंपनीने काय केले? इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. नंतर १९८०च्या दशकात फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले सुमारे २.१ लिटरचे डिझेल इंजिन आले. एमएम-५४० जीप त्याच इंजिनावर चालली. म्हणजे एकाचे अवयव दुसऱ्याला लावणे ही जीपची जुनीच रीत आहे.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. कारखान्याने इंजिन बदलले तेव्हा त्याला जुळणारे बाकीचे भागही बदलले आणि गाडी तपासून मगच विकली. आपल्याकडे बहुधा नुसते इंजिन बदलते, आणि बाकीचे "चालून जाईल" म्हणून सोडले जाते. घोटाळा होतो तो तिथेच.

इंजिनाबरोबर काय काय बदलते

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते. ते पुढे बसवले की पुढचे पाटे दबतात आणि स्टिअरिंग जड होते. ते हादरेही जास्त देते, म्हणून जुन्या जागी जुनेच रबर ठेवून भागत नाही. डिझेलला टाकीकडे परत जाणारी तेलाची नळी लागते. रेडिएटर पुरतो की नाही, हेही पाहावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट फेऱ्यांच्या हिशेबाची. जुन्या विलिस जीपच्या डिफरेन्शियलचे प्रमाण ५.३८ असे. म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. ६.००-१६ मापाचे टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरले, तर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटर जाईल. तिथे ट्रॅक्टरच्या जातीचे, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास रमणारे इंजिन घातले की तीच गाडी ताशी पन्नासावर येऊन थांबते. मग चालवणारा ॲक्सिलरेटर तळाला टेकवून ठेवतो, इंजिन किंचाळते आणि वर्षभरात पुन्हा खोलावे लागते. दोष इंजिनाचा नसतो, हिशेबाचा असतो.

यावर उपाय म्हणून मिस्त्री वेगळ्या प्रमाणाचे डिफरेन्शियल सुचवील. ते ठीक आहे. पण तुमची जीप चारही चाकांनी ओढणारी असेल, तर पुढचे आणि मागचे अशी दोन्ही डिफरेन्शियल एकाच प्रमाणाची हवीत. एकच बदलले तर चारचाकी ओढ लावताच पुढची चाके एका गतीने आणि मागची दुसऱ्या गतीने फिरू पाहतात. एका जुवाला एक बैल चालणारा आणि एक पळणारा जुंपला तर जुवाचे जे होईल, तेच मधल्या ट्रान्स्फर पेटीचे होते.

पहिला रुपया ब्रेकवर

म्हणून सांगणे असे की, इंजिनाचा विचार शेवटी करा. पहिला खर्च थांबण्यावर करा.

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि त्या सर्वांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकेरी असे. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नंतरच्या गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर आले. त्यात एक बाजू गेली तरी दुसरी काम करते. जुन्या जीपमध्ये दुसऱ्या मॉडेलचा एकच भाग घालण्याइतके पैसे असतील, तर तो हा दुहेरी सिलिंडर असावा. पण त्याचे माप आपल्या चाकांच्या सिलिंडरांना जुळते का, हे जाणत्या ब्रेक-मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. चुकीच्या मापाने पेडल दगडासारखे कडक होते, नाहीतर तळापर्यंत जाते.

ब्रेकला बूस्टर लावायचा असेल तर आणखी एक गोष्ट आहे. पेट्रोल इंजिनात हवेची ओढ आपोआप तयार होते आणि बूस्टर तिच्यावर चालतो. डिझेलमध्ये ती ओढ पुरेशी नसते. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. पंपाशिवाय बूस्टर म्हणजे नुसते शोभेचे डबडे.

ब्रेकनंतर स्टिअरिंगचा ढिलेपणा, किंगपिन आणि चासी पाहावी. चासीवर हातोडीने हलके ठोकत जावे. लोखंड खणखणले तर बरे, बद्द वाजले तर आत गंज आहे. पाट्याच्या कड्यांजवळ आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर विशेष लक्ष द्यावे. चासीवरचा नंबर मात्र कधीही घासू नये, त्यावर वेल्डिंग करू नये आणि पुन्हा पंच तर मुळीच करू नये. तो नंबर हीच गाडीची ओळख. तो बिघडला की प्रामाणिक मालकही चोरासारखा दिसतो.

थोड्या पैशांत मोठे सुख

काही बदल लहान असतात, पण रोज उपयोगी पडतात. जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर घातला की इंजिन हळू चालत असतानाही बॅटरी भरते आणि रात्री दिवे मंद होत नाहीत. वायरिंग नवे करताना प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज ठेवावा. जुन्या जीपांत वायर तापून आग लागण्याची भीती असते. पुढच्या आसनांना पट्टे लावून घ्यावेत.

रुंद टायरचा मोह मात्र आवरावा. मोठ्या टायरने स्टिअरिंग जड होते, ब्रेकवर भार वाढतो आणि स्पीडोमीटर खरी गती दाखवत नाही.

सुटे भाग मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या बाजारात किंवा जिल्ह्याच्या भंगारपेठेत मिळतात. पण पावती घेतल्याशिवाय इंजिन किंवा गिअरपेटी उचलू नये. स्वस्तात मिळालेले बिनपावतीचे इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर सगळी हौस कोर्टात फिटेल.

कागद आधी, काम नंतर

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी पुस्तकातील तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार बेकायदा फेरफार केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून इंजिन बदलायचे असेल, इंधन बदलायचे असेल किंवा हौदा लांब करायचा असेल, तर आधी आरटीओ कार्यालयात जाऊन लेखी विचारावे. परवानगी हाती आल्यावरच इंजिन विकत घ्यावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. पुस्तकात पेट्रोल आणि गाडीत डिझेल, अशा स्थितीत अपघात झाला तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. मग नुकसानभरपाईसाठी शेत गहाण पडायला वेळ लागत नाही.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाली. खर्च मांडताना आजचा दर आरटीओत विचारून घ्यावा.

आणि तुमची जीप पन्नास वर्षांवरची असेल तर जरा थांबा! जुलै २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मुळातले हवे, मोठा फेरफार झालेला नको. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली वगैरे कारणांनीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला नाही. तेव्हा तुम्हाला मान हवा की काम हवे, हे आधीच ठरवा. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवा.

हुन्नर आहे, त्याला शिस्त हवी

आपल्या कारागिरांच्या हातात हुन्नर किती आहे, हे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावाने दाखवले. तिथल्या एका कारागिराने मुलाच्या हौसेखातर जुन्या-पान्या भागांतून छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्र यांनी पाहिली. त्यांनी कारागिराचे कौतुक केले, पण गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळालीही. सगळ्यांच्या वाट्याला अशी बोलेरो येत नाही. आपल्याला आपली शिस्त आपणच पाळावी लागते.

भगिनींनो, घरात जीपचे काम निघाले की तुम्ही चार प्रश्न अवश्य विचारा. ब्रेक कोणी तपासले? आरटीओचा कागद आला का? विमा कंपनीला कळवले का? नेमलेल्या रकमेपैकी किती संपली? चारही उत्तरे सरळ मिळाली तर खुशाल होकार द्या. एखादे अडखळले तर ते मिळेपर्यंत जीप चिंचेखालीच बरी. तिने इतकी वर्षे वाट पाहिली आहे, आणखी दोन महिने पाहील. पण उतारावर ब्रेकचे पेडल तळाला गेले, तर वाट पाहायला दोन क्षणही मिळत नाहीत.